कार्बोरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन : इंजिन बसतं, अडतं ते बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा : १९९८ची जिप्सी किंग आहे, १.३ लिटरचं आठ व्हॉल्व्हचं कार्बोरेटर इंजिन. चढावर किंवा एका अंगावर कलली की गाडी गुदमरते, थंडीत चोक ओढूनही लवकर सुरू होत नाही, अ‍ॅव्हरेज पडलाय. इंजिनचं काम निघालंच आहे, तर त्याच खर्चात सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारं) इंजिन टाकावं का? कोणत्या गाडीचं घ्यावं? आणि मिस्त्री म्हणतो तसं ‘दोन दिवसांचं काम’ आहे का?

टाकावं. पण दोन दिवसांचं काम नाही. इंजिन उतरवणं-चढवणं दोन दिवसांत होतं, हे खरं. त्यानंतर पेट्रोलची लाइन, वायरिंग, सायलेन्सर आणि कागदपत्रं यांत गाडी महिनाभर उभी राहते. अर्धवट सोडलेल्या गाड्या बघा, बहुतेकांचं इंजिन नीट बसलेलं असतं. अडलेलं असतं ते कापलेल्या वायरिंगवर. म्हणून सगळ्यात आधी एक ठरवा : इंजिन विकत घ्यायचं नाही, इंजिनाची पूर्ण व्यवस्था विकत घ्यायची.

हा बदल कशासाठी करायचा, तेही स्पष्ट असू द्या. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच जी१३ घराण्यातली, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, दोन्हींची क्षमता तीच, १२९८ सीसी. जुनं इंजिन साधारण ६० बीएचपीचं, नवं ८० बीएचपीचं. पण ते ८० बीएचपी ६००० आरपीएमला मिळतात आणि १०३ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४५०० आरपीएमला. म्हणजे ताकद वरच्या रेसला वाढते. दगडातून पहिल्या गिअरमध्ये रांगताना ‘केवढी ओढ वाढली’ असं वाटणार नाही. तिथे फायदा वेगळा आहे. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी ठरलेली असते. गाडी कलली की ती पातळी जेटपासून सरकते, एका बाजूला मिश्रण पातळ होतं, दुसऱ्या बाजूला पेट्रोल ओसंडतं. इंजेक्शनमध्ये रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ते दाबाखाली असतं, गाडी कशीही कलली तरी इंजेक्टरला फरक पडत नाही. तुमची तक्रार नेमकी हीच आहे, म्हणून बदल सार्थ आहे. नुसता हायवेवरचा वेग हवा असता तर मी आधी कार्बोरेटर नीट करून घ्या म्हटलं असतं.

आधी आरटीओ

हे शेवटी ठेवलं की पस्तावायला होतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन नंबर आरसीवर असतो, म्हणजे इंजिन बदललं की नोंद बदलावी लागतेच. तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत : इंधन तेच (पेट्रोल) आणि सीसी तीच (१२९८). तरीही निर्णय नोंदणी प्राधिकाऱ्याचा. इंजिन घेण्यापूर्वी अर्ज करून लेखी उत्तर घ्या. एजंटचं ‘होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे. इंजिनाचं पक्कं बिल हवं, त्यावर इंजिन नंबर हवा, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची आरसी किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवा. बिल नसलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, ते चोरीच्या गाडीचं निघालं तर तुमची गाडीही जाते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, त्या तपासणीत चॅसी आणि इंजिन नंबर पडताळतात. विम्याचा दावा करताना सर्व्हेयरही तोच नंबर बघतो.

१.६ लिटरचं बलेनोचं किंवा व्हिटाराचं इंजिन टाकायचा सल्ला हमखास मिळेल. यंत्राच्या दृष्टीने ते चुकीचं नाही, घराणं तेच आहे. पण सीसी बदलली की कागदावरची तुमची बाजू लंगडी होते.

कोणत्या गाडीचं इंजिन

पहिली पसंती एमपीएफआय जिप्सीचंच. तिच्यात इंजिन लांबीच्या दिशेने बसतं, तुमच्याही गाडीत तसंच. बाजारात एस्टीमचं जी१३बीबी जास्त सहज दिसेल. मूळ इंजिन तेच, पण एस्टीम पुढच्या चाकांवर चालते आणि तिच्यात इंजिन आडवं बसतं. त्यामुळे ऑइल चेंबर, तेल ओढणारी आतली नळी, डिपस्टिक, पाण्याच्या नळ्यांची तोंडं, थ्रॉटल बॉडीची दिशा, फाउंडेशनचे (इंजिन चॅसीवर टेकतं तिथले) ब्रॅकेट, फ्लायव्हील यांतलं बरंच काही जिप्सीच्या मांडणीला बदलून घ्यावं लागतं. एकेक वस्तू शोधत बसलात की एस्टीमच्या इंजिनात वाचवलेले पैसे निघून जातात. ब्लॉक किंवा हेड खराब झालं तर सुट्या भागांसाठी एस्टीमचं इंजिन उत्तम, हे मात्र खरं.

जमलं तर अपघातात गेलेली, कागद साफ असलेली अख्खी जिप्सी घ्या. ते जमत नसेल तर विक्रेत्यासमोर उभं राहून हे सगळं एका गाडीतलं, एकत्र घ्या : इंजिन, पूर्ण वायरिंग (ईसीयूपासून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापासून, इंजिनापर्यंत, मधे एकही वायर न कापता), ईसीयू, मेन रिले आणि पंप रिले, ऑक्सिजन सेन्सरसकट एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पंप आत असलेली टाकी, गाळणीपासून रेलपर्यंतच्या नळ्या, एअर फिल्टरचा डबा, एक्सिलरेटर केबल, रेडिएटर, कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा) आणि त्याचा व्हॉल्व्ह, वेगाचा सेन्सर किंवा तो ज्यात आहे ते मीटर, आणि डायग्नोस्टिक कपलर. ईसीयूला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) जोडलेला असेल तर त्याचं मॉड्यूल, अँटेना आणि जोडलेली चावीही. त्याशिवाय इंजिन फिरेल, पण पेटणार नाही.

ईसीयूचा पार्ट नंबर आणि वायरिंग एकाच मॉडेलचं आहे ना, हे तिथेच ताडा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कपलरच्या पिना बदलतात. कपलर बसतो म्हणून जोडणी बरोबर आहे असं नाही.

इंजिन घेताना कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, चांगल्या बॅटरीवर स्टार्टरने फिरवा. गरम इंजिनाला १४ किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास यायला हवं, १२च्या खाली असेल तर सोडून द्या, आणि सिलिंडरांमधला फरक १ किलोपेक्षा जास्त नको. सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॉल्व्ह कव्हर उघडून आत बघा : काळा डांबरासारखा थर म्हणजे तेल वेळेवर बदललेलं नाही, दुधाळ पिवळा म्हणजे पाणी शिरलंय.

इंजिन बाहेर असतानाच

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग हे सगळं नवं. ‘चांगला दिसतोय’ म्हणून जुना बेल्ट ठेवू नका, त्याचे किलोमीटर तुम्हाला माहीत नाहीत.

आता गिअरबॉक्सचं. जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळी, चॅसीवर बसते आणि मधल्या आखूड शाफ्टने जोडलेली असते. इंजिन मूळ जागीच बसवलं तर या शाफ्टला हात लावावा लागत नाही. म्हणून ‘थोडं मागे-पुढे सरकवू’ या मोहात पडू नका. तुमचा पाच गिअरचा बॉक्स ठेवायचा. जोडण्यापूर्वी तीन गोष्टी ताडा. क्रँकच्या मागच्या बोल्टांची संख्या आणि वर्तुळ फ्लायव्हीलशी जुळतं का. क्लच प्लेटचे दाते तुमच्या इनपुट शाफ्टवर हाताने सरकतात का. आणि स्टार्टरचे दाते रिंग गिअरशी बसतात का.

ब्लॉक आणि बेल हाउसिंग (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं कवच) यांच्या मधे दोन पोकळ पिना असतात, डॉवेल. जुन्या बाजारातल्या इंजिनात त्या हमखास गायब असतात, कारण त्या दुसऱ्या हाउसिंगमध्ये अडकून राहिलेल्या असतात. त्यांच्याशिवाय बोल्ट बसतात, गाडीही चालते, पण शाफ्ट केसभर तिरका राहतो. मग क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर कुरकुरतो आणि काही महिन्यांत पायलट बेअरिंग ओरडायला लागतं. क्लच पुन्हा उतरवला तरी कारण सापडत नाही. जोडताना हाउसिंग शेवटचा सेंटिमीटर हाताने सरकून बसलं पाहिजे. फट राहिली असेल तर बोल्ट आवळून ओढू नका. दाते आत गेलेले नाहीत किंवा प्लेट मध्यावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. ओढलंत तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो.

इंजिन बसल्यावर फाउंडेशनचे बोल्ट सैल ठेवून गाडी हलवा, इंजिन आपल्या जागी बसू द्या, मगच आवळा. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड आणि पाट्यांवर. मोठ्या खड्ड्यात तो वर येतो आणि डिफरन्शियल ऑइल चेंबरच्या जवळ पोचतं. चेंबर वेगळं असेल तर अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत चढवून मधली जागा बघा. दोन बोटं तरी मोकळी हवीत, कारण झटक्यात इंजिनही खाली येतं.

पेट्रोलची लाइन

कार्बोरेटरचा यांत्रिक पंप ०.२ ते ०.३ बारवर काम करतो. इंजेक्शनच्या रेलमध्ये साधारण २.५ ते ३ बार असतात, म्हणजे दहापट. जुना रबरी पाइप, जुनी गाळणी, स्क्रूच्या क्लिपा यांतलं काहीही यापुढे चालणार नाही. इंजेक्शनसाठीचाच पाइप घ्या, त्यावर एसएई ३०आर९ छापलेलं असतं. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडणारा तुकडा मात्र ३०आर१०च हवा, कारण आर९ फक्त आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. तो टाकीत फुगतो, निसटतो आणि मग पंप घरघरतो पण गाडी ओढत नाही. लोक पंप बदलतात, दोष वीतभर पाइपचा असतो. क्लिपा पूर्ण वर्तुळाच्या, कडा वळवलेल्या घ्या. पट्टीला खाचा असलेल्या साध्या क्लिपा पाइप कापतात.

टाकी शक्यतो एमपीएफआय जिप्सीचीच बसवा. चॅसी एकाच जातीची असल्याने हे बाकी कुठल्याही उपायापेक्षा स्वच्छ आहे, फक्त कानांची आणि भरण्याच्या नळीची मापं आधी ताडा. आतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहतो, थंड राहतो, आणि त्याच्याभोवतीच्या वाटीमुळे चढावरही तळाचं पेट्रोल त्याला मिळतं. जुनी टाकी ठेवून चॅसीवर बाहेरचा पंप लावणं हा स्वस्तातला मार्ग. त्यात दोन घोटाळे. बाहेरचा पंप पेट्रोल ढकलतो छान, ओढतो वाईट, म्हणून तो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खालीच हवा. आणि साध्या टाकीत पाव टाकी पेट्रोल असताना चढावर नळीचं तोंड उघडं पडतं. कार्बोरेटरला ते कळत नाही, कारण फ्लोट चेंबरमध्ये शिल्लक असते. इंजेक्शनला हवेचा एक बुडबुडा आला तरी झटका बसतो. म्हणजे ज्या चढासाठी हा सगळा खटाटोप, तिथेच गाडी पुन्हा बंद. हा मार्ग धरायचाच असेल तर मधे एक-दोन लिटरचा सर्ज टँक घाला : जुन्या टाकीतून कमी दाबाचा पंप तो भरतो, त्यातून जास्त दाबाचा पंप रेलला देतो.

परतीची नळी हवी का, ते दाबनियंत्रक कुठे आहे त्यावर. तो रेलवर असेल तर जादा पेट्रोल टाकीत परत गेलंच पाहिजे, आणि ती नळी मोकळी हवी. जुनी बारीक, गंजलेली परतीची नळी वापरलीत तर दाब चढतो, मिश्रण जाड होतं, प्लग काळे पडतात. नियंत्रक टाकीतल्या पंपाच्या घरातच असेल तर एकच नळी पुरते.

टाकीची हवा खेळती ठेवणारी नळी आणि कॅनिस्टर काढून टाकू नका. नळी बंद झाली की टाकीत निर्वात तयार होतो, तास-दीड तासाने पंप हार मानतो. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज आला की समजायचं.

वायरिंग

इथे वेळ घाला. दोन पद्धती आहेत : नव्या वायरिंगमधून हवं तेवढं काढून जुन्यात मिसळायचं, किंवा इंजिनाचं वायरिंग अख्खं, स्वतंत्र ठेवून गाडीच्या जुन्या वायरिंगला मोजक्या ठिकाणी जोडायचं. दुसरीच करा. जुन्या वायरिंगशी जोडायच्या वायरी दहाएक असतात : बॅटरीचा कायमचा प्लस, इग्निशनचा प्लस, स्टार्टरचा इशारा, पंपाचा प्लस, चेक इंजिनचा दिवा, वेगाचा सेन्सर, तेल आणि तापमानाच्या काट्याच्या वायरी, आल्टरनेटरचा दिवा, आणि अर्थ.

इग्निशनचा प्लस कुठून घ्यायचा यावर सगळ्यात जास्त गाड्या अडतात. जुन्या गाडीत चावी स्टार्टवर फिरवली की काही सर्किटं मुद्दाम तोडलेली असतात, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद स्टार्टरला मिळते. चुकून त्यातली वायर घेतली तर असं होतं : चावी ऑन केली की पंप घुमतो, दिवा लागतो, सगळं ठीक. स्टार्टर मारला की इंजिन फिरत राहतं, पेटत नाही. चावी सोडताक्षणी एखादा भडका उडतो, किंवा कधी कधी गाडी सुरूही होते. हे लक्षण दिसलं की प्लग, कॉइल, सेन्सर काहीही बदलू नका. मल्टिमीटरचं एक टोक ईसीयूच्या इग्निशन पिनवर, दुसरं अर्थवर, आणि मदतनिसाला स्टार्टर मारायला सांगा. आकडा १० व्होल्टच्या वर टिकला पाहिजे. शून्यावर गेला तर वायर चुकीची. ९च्या खाली घसरला तर बॅटरी किंवा केबल अशक्त.

अर्थ ही दुसरी जागा. ईसीयूचे अर्थ कारखान्याने इंजिनावर दिले असतील तर तिथेच द्या, डॅशबोर्डखालच्या गंजक्या पत्र्यावर नको. सेन्सरचा अर्थ तर ईसीयूकडेच जातो, तो बॉडीला कधीच जोडायचा नाही. जोडलात तर स्टार्टर, हेडलाइट, पंखा यांचा प्रवाह सेन्सरच्या आकड्यात मिसळतो आणि दिवे लावले की आयडलिंग हलतं. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चॅसी, चॅसी ते बॉडी अशा तीन जाड पट्ट्या नव्या टाका, रंग खरवडून. तपासणी सोपी : इंजिन चालू, दिवे-पंखा चालू, मल्टिमीटर बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत. ०.१ व्होल्टच्या आत हवं. ०.३ दिसलं तर आधी अर्थ, मग बाकी सगळं.

पाण्याच्या तापमानाचे दोन सेन्सर असतात, एक ईसीयूसाठी, एक काट्यासाठी. अदलाबदल झाली की काटा भलतंच दाखवतो आणि ईसीयूला इंजिन कायम थंड वाटतं, मग पेट्रोल ओतत राहतो. ईसीयूच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण २ ते ३ हजार ओम, ८० अंशांना ३०० ओमच्या आसपास. चहाच्या पातेल्यात बुडवून घरी मोजता येतो.

वेगाचा सेन्सर लोक ‘लागत नाही’ म्हणून सोडून देतात. गाडी त्याच्याशिवाय चालते, पण सिग्नलजवळ येताना पाय काढून क्लच दाबला की बंद पडते. गाडी धावतेय हे ईसीयूला कळत नाही, म्हणून आयडलिंग वेळेवर सावरत नाही. ज्या गाडीचं इंजिन घेतलं तिचंच मीटर किंवा केबलवर बसणारा सेन्सर वापरा.

वायरी जोडताना पिळून टेप मारणं बंद. क्रिंप किंवा सोल्डर, वर उष्णतेने आवळणारी नळी, आणि जोड एकाच जागी न ठेवता मागे-पुढे. ईसीयू केबिनमध्ये, डॅशच्या वरच्या भागात, कपलरचं तोंड खाली, आणि वायरला त्याच्याखाली एक वळसा, म्हणजे ओघळणारं पाणी वळशावरून टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही. पाण्यातून गाडी घालणाऱ्याने हा वळसा विसरू नये. फायरवॉलच्या भोकाला रबरी बुश, आणि एक्झॉस्टपासून वायर निदान १०० मिमी लांब.

पंपाच्या लाइनमध्ये उलटल्यावर तोडणारा स्विच घालण्याची मी शिफारस करतो. पंप रिले ईसीयूच्याच ताब्यात ठेवा, थेट चावीवर पंप लावू नका. इंजिन बंद पडलं तरी तुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल फेकत राहणं म्हणजे आगीला निमंत्रण.

सायलेन्सर आणि पाणी

ऑक्सिजन सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर, म्हणजे पाणी त्याच्यात साचणार नाही. त्याच्या आधी कुठेही गळती नको. गळतीतून बाहेरची हवा आत येते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. कन्व्हर्टर काढू नका. कार्बोरेटरच्या त्या काळातल्या गाडीला पीयूसीत सीओची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. नीट बसवलेलं एमपीएफआय इंजिन याच्या कितीतरी आत राहतं. आकडा मर्यादेजवळ आला तर तो तुमच्या कामातला दोष दाखवतोय.

रेडिएटर नव्या गाडीचा लावा, पंख्याची पाती आणि जाळी यांत २० मिमी तरी मोकळं ठेवा, आणि पाणी भरताना हीटर चालू ठेवून हवा काढा. ब्रेक बूस्टरची निर्वात नळी मॅनिफोल्डला जोडताना त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह उलटा बसवू नका. कंपनीने बाण छापलेला असतो.

पहिल्यांदा सुरू करताना

प्लग काढून, पंप आणि इंजेक्टरचे कपलर सोडून स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग आणि कपलर जोडा. चावी ऑन करा, पंप दोन-तीन सेकंद घुमून थांबला पाहिजे. असं तीन-चारदा करा आणि टॉर्च घेऊन टाकीपासून रेलपर्यंत प्रत्येक जोड बोटाने चाचपा. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा. दाबाचा गेज लावलेला असेल तर आणखी एक गोष्ट बघा : रेलवर नियंत्रक असलेल्या इंजिनात आयडलिंगला त्याची निर्वात नळी काढली की दाब अर्ध्या बारच्या आसपास चढतो. चढला नाही तर नियंत्रक अडकलाय. चावी बंद केल्यावर दाब लगेच शून्यावर आला तर पंपाचा एकतर्फी व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

सुरू झाल्यावर आकडे तपासा. थ्रॉटलचा सेन्सर बंद असताना ०.५ व्होल्टच्या आसपास आणि दाबत नेताना मधे कुठेही न अडखळता ४च्या वर. मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर इंजिन बंद असताना समुद्रसपाटीला साधारण ४ व्होल्ट, घाटमाथ्यावर थोडा कमी, आयडलिंगला १ ते १.५. ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत झुलता. एकाच जागी थबकला असेल तर तो बदलण्याआधी गळती आणि दाब बघा. जुन्या सुझुकी ईसीयूत डायग्नोस्टिक कपलर जोडल्यावर दिवा चमकून कोड सांगतो : एकदा, मग दोनदा चमकला म्हणजे १२, अर्थात दोष नोंदलेला नाही.

आयडलिंग १५०० वर अडकलं तर बहुतेक वेळा हवेची चोरी (फाटलेला होस, मॅनिफोल्डचं गॅस्केट) किंवा एक्सिलरेटर केबल ताणलेली. थ्रॉटलचा स्क्रू फिरवून आयडलिंग ‘सेट’ करू नका. कार्बोरेटरच्या सवयीचा मिस्त्री पहिलं तेच करतो. स्क्रू फिरला की थ्रॉटल सेन्सरचा बंदचा आकडाही सरकतो, ईसीयूला पाय पेडलवर आहे असं वाटतं, आणि मग खरा दोष सापडणं दुप्पट अवघड होतं.

गाडी ९७० सीसीची, चार गिअरची पहिली जिप्सी असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिचं एफ१०ए इंजिन वेगळ्या घराण्यातलं, बेल हाउसिंग जी१३ला जुळत नाही, म्हणजे पाच गिअरचा बॉक्स आणि मधला शाफ्टही बदलावा लागतो. सीसी बदलते, म्हणून कागदही अवघड. आणि पुढच्या चाकांना ड्रमच असतील तर ४५ बीएचपीच्या ब्रेकवर ८० बीएचपी घालण्यापूर्वी डिस्क आणि बूस्टर बसवा.

पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर फाउंडेशन, मॅनिफोल्ड आणि बेल हाउसिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या आवळणीलाच प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेवलीत तर कोणता फिरला ते पाना न लावता दिसतं. चढाची कसोटी पाव टाकी पेट्रोल असताना घ्या, भरलेल्या टाकीवर टाकीतला दोष दिसत नाही.